शंभर टक्के हजेरी आणि पस्तीस दिवसांचं लेकरू

ऑगस्टचा पहिला आठवडा दवाखान्यांत स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. गेल्या वर्षी त्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने एका पथनाट्यात काम केलं. ती जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला होती. नाटकात ती सासू झाली होती. डोक्यावर पदर घेऊन सुनेला सांगणारी, की पहिला चीक टाकून दे, लेकराला मध चाटव. मग नर्स येते आणि सासूला समजावते: पहिल्या तासाभरात अंगावर पाजा, सहा महिने पाण्याचा थेंबही देऊ नका. ओपीडीसमोर बसलेल्या बायका हसल्या, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. नाटक संपेपर्यंत सासूच्या ब्लाउजवर दोन ओले डाग पडले होते. तिची स्वतःची मुलगी त्या दिवशी ३७ दिवसांची होती आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत, आमच्या मायच्या मांडीवर रडत होती. चालत सहा मिनिटांचं अंतर. ड्युटी संपायला अजून तीन तास होते.

आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले. धाकटीचं कॉलेज सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या एका शहरात आहे. खासगी. आमच्या भागातली खूप मुलं-मुली नर्सिंगला तिकडे जातात, कारण फी हप्त्याने घेतात आणि गाव तीन तासांवर राहतं. मी हैदराबादला समाजशास्त्रात पीएचडी करते. आमच्या घरातल्या आम्ही दोघीच बारावीच्या पुढे गेलेल्या. एकीला विद्यापीठ मिळालं, दुसरीला वॉर्ड. हा फरक फक्त आवडीचा आहे असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारला: "आत्ताच का?" नंतर तोच प्रश्न तिला प्राचार्यांनी विचारला, वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारला, हॉस्टेलच्या रेक्टरने विचारला. सासरच्यांनी उलटा विचारला होता: लग्नाला दीड वर्ष झालं, अजून का नाही? या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आपल्याकडच्या हजारो मुली शिकत आहेत. मी तिला म्हटलं, एक वर्ष ड्रॉप घे. पुढच्या बॅचबरोबर कर. ती फोनवर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ताई, ड्रॉप घेतलेली पोरगी परत आलेली तू आपल्या वस्तीत बघितलीस का? एक तरी?"

मी आठवत राहिले. एकही आठवली नाही.

आता नियम काय आहे ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांची बहीण, वहिनी किंवा बायको याच कोर्सला असेल आणि घरात कुणालाच तो नियम माहीत नसेल. आपल्याला प्रवेशाचे कागद माहीत असतात. आतले नियम आपण आत जाऊन, आपटून शिकतो. नर्सिंगचा अभ्यासक्रम ठरवणारी संस्था म्हणजे भारतीय परिचर्या परिषद, १९४७ च्या कायद्याने झालेली. परिषदेचं म्हणणं असं: परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत किमान ८० टक्के हजेरी हवी, आणि गैरहजेरीचं कारण कोणतंही असो. शेवटी प्रमाणपत्र हातात पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के भरलेली पाहिजे. म्हणजे एकही दिवस माफ नाही. तो कधी ना कधी भरून द्यावाच लागतो. याच नियमावलीत हेही लिहिलेलं आहे की विवाहित उमेदवारांना प्रवेश देता येतो. लग्न झालेल्या बाईला घ्यायचं हे त्यांना सुचलं. ती बाळंत झाली तर काय, हे त्या ओळीत नाही. गैरहजेरीचं कारण कोणतंही असो, या शब्दांत डेंग्यू, मामाचं लग्न आणि बाळंतपण एकाच रांगेत उभे राहतात.

धाकटी २७ जूनला बाळंत झाली. त्याआधी दोन आठवडे तिचे पाय इतके सुजले होते की ड्युटीचे पांढरे बूट पायात जात नव्हते, म्हणून ती १४ जूनपासून गावी होती. १ ऑगस्टला ती वॉर्डात परत उभी राहिली, पस्तिसाव्या दिवशी. रविवार आणि सुट्या वजा करून हजेरीच्या रजिस्टरमध्ये ४१ दिवसांवर लाल शाईने रेघ आली. कॉलेजचा स्वतःचा एक नियम आहे, जो नोटीसबोर्डावर कुठेही लावलेला नाही पण सगळ्यांना माहीत आहे: मंजूर नसलेल्या एका खाड्याला दोन दिवस ड्युटी. बाळंतपणाची रजा अशी काही गोष्टच नियमात नाही, म्हणून ती मंजूर होऊ शकत नाही, म्हणून ४१ चे झाले ८२. वर भरपाईच्या प्रत्येक दिवसाला क्लिनिकल चार्ज म्हणून शंभर रुपये.

"खाडा" हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझं संशोधन ऊसतोड स्थलांतरावर आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल घेतलेली असते, आणि कामावर न गेलेला दिवस मुकादमाच्या वहीत खाडा म्हणून लागतो. त्याचा दंड उचलीतून कापला जातो. पाळी आली, ताप आला, बाळंतपण झालं, वही विचारत नाही. तोडीला आलेल्या बायका फडातच बाळंत होऊन आठव्या-दहाव्या दिवशी मोळ्या बांधायला उभ्या राहतात, हे मी बीडमधल्या मुलाखतींत पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. त्यावर मी चर्चासत्रात पेपर वाचला, प्रश्नोत्तरं झाली, चहा झाला. त्याच आठवड्यात माझी बहीण पस्तीस दिवसांच्या लेकराला सोडून वॉर्डात उभी होती आणि तिच्या कॉलेजच्या कारकुनाने तिला हिशोब दाखवत विचारलं, "खाडे कधी भरणार?" हा शब्द त्याला कुठून मिळाला, देव जाणे. सीमाभागात मराठी सगळ्यांनाच येते. मला मात्र माझा सगळा प्रबंध त्या फोनवर नव्याने ऐकू आला.

लोकांना वाटतं नर्सिंगचं कॉलेज म्हणजे वर्ग, बाक, वह्या. सकाळी आठ ते दोन वॉर्ड. दोनला सुटून जेवण, तीन ते पाच वर्ग. पाळी बदलली की दोन ते आठ. रात्रपाळी असली की रात्री आठ ते सकाळी आठ. वॉर्डात ही मुलगी विद्यार्थिनी असते असं कागदावर आहे. प्रत्यक्षात चाळीस बाळंतिणींच्या वॉर्डात दोन स्टाफ सिस्टर आणि बाकी सगळ्या विद्यार्थिनी. बीपी, तापमान, सलाईन, टाक्यांची ड्रेसिंग, चादरी, बेडपॅन, आणि ज्यांना पाजता येत नाही त्यांना शिकवणं. शेवटचं काम वॉर्डाच्या सिस्टरने माझ्या बहिणीला खास दिलं होतं, कारण, त्यांच्या शब्दांत, हिला आता अनुभव आहे.

तर ती दिवसभर दुसऱ्या बायकांच्या छातीला दुसऱ्या बायकांची लेकरं लावायची. जन्मलेल्या पोराचा रडण्याचा आवाज आला की बाळंतिणीला पान्हा फुटतो; ते कुणाचं पोर आहे हे शरीर बघत नाही. चार तास पाजलं नाही की छाती दगड होते, गाठी होतात, मग ताप येतो. सप्टेंबरमध्ये तिला असा ताप दोनदा आला. उपाय तिला पाठ होता, परीक्षेत लिहिलेला होता: दर दोन-तीन तासांनी पाजा किंवा हाताने दूध पिळून काढा, स्वच्छ भांड्यात ठेवा, वाटी-चमच्याने पाजा. पाच मार्कांचा प्रश्न. ती मळक्या कपड्यांच्या खोलीत दाराला पाठ लावून बेसिनमध्ये पिळायची आणि वर नळ सोडायची. भांड्यात ठेवावं तर ते भांडं ठेवायचं कुठे? वॉर्डाच्या फ्रिजमध्ये लसी आणि ऑक्सिटोसिन. मायने गावाकडून बोंडलं आणलं होतं, आमच्याच लहानपणचं, पितळेचं. बोंडलं खोलीत होतं आणि दूध नाल्यात जात होतं. रात्रपाळीच्या आठवड्यात मायने डब्याची पावडर आणली. धाकटी दुसऱ्या बायकांना सहा महिने वरचं काही देऊ नका म्हणून सांगायची आणि घरी आल्यावर तो डबा कपाटाच्या मागे ठेवायची. लपवायचा कुणापासून, तर स्वतःपासून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत असं दिसतं की देशात सहा महिन्यांखालच्या साधारण ६४ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळतं. उरलेल्या ३६ मध्ये एक बाळ अशा मुलीचं, जिने बाकीच्यांना ते समजावून सांगितलं, हे कुठल्या रकान्यात जाईल?

हे सगळं सांगताना मला आजी आठवते. आमची आजी सुईण होती. मांगवाड्यातली सुईण, अख्ख्या गावाची. पाटलाच्या सुनेपासून तेलणीपर्यंत सगळ्यांची बाळंतपणं तिने केली. नाळ कापायची, जार पुरायचा, बाळंतिणीचे कपडे धुवायचे. घराच्या सगळ्यात आतल्या, अंधाऱ्या खोलीपर्यंत तिला प्रवेश होता, तेवढ्या रात्रीपुरता. सकाळी तीच आजी अंगणाबाहेर उभी राहून पदरात जोंधळा घ्यायची, वरून टाकलेला. बाळंतपणाचा विटाळ बाळंतिणीचा दहा दिवसांनी फिटायचा, आजीचा कधीच नाही. आणि एक गोष्ट आहे जी आपण फारशी बोलत नाही. ज्या घरांनी विटाळ मानला त्या घरच्या बायकांना त्या विटाळाच्या नावाखाली का होईना सव्वा महिना पडून राहायला मिळालं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, टाळू भरायला वेगळी बाई. विटाळ वाहणारीला तेवढंही नाही. मायच्या जन्मानंतर आजी बाराव्या दिवशी खुडायला गेली होती. माझ्या जन्मानंतर माय विसाव्या दिवशी. धाकटी पस्तिसाव्या दिवशी. तीन पिढ्यांत आम्ही तेवीस दिवस कमावले.

१८५५ मध्ये ज्ञानोदयात मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. आपण तो धर्मावरच्या प्रश्नांसाठी वाचतो, सभांमध्ये त्यातलं तेवढंच वाचून दाखवतो. पण त्याच निबंधात ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दलही लिहिते: घरावर छप्पर नसताना, थंडीपावसात त्या बाळंत होतात, दुखणं आलं तर औषधाला पैसा कुठून आणायचा. शाळेत जाऊन लिहायला शिकलेल्या आपल्यातल्या अगदी पहिल्या मुलींपैकी एकीला हे लिहावंसं वाटलं. शिक्षण आणि बाळंतपण हे दोन वेगळे विषय आहेत असं तिला वाटलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी मी कॉलेजात गेले. प्रबंध लिहिणाऱ्या बाईचा आत्मविश्वास घेऊन, हातात अर्ज आणि जोडपत्रं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांपासून एम.फिल. आणि पीएचडी करणाऱ्या बाईला संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपण आणि बालसंगोपनाची रजा मिळते. २०२२ च्या नियमांतही ती कायम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने विद्यापीठांना आणखी एक पत्र लिहिलं: पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही मातृत्व रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करा. ते पत्र मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. वाईट बाई नव्हत्या त्या. स्वतः तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्यांनी पत्र परत दिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे डिग्रीवाल्यांसाठी आहे. आमचा डिप्लोमा."

खरं होतं. जीएनएम ही पदविका. परीक्षा राज्याची परिचर्या परिषद किंवा मंडळ घेतं. विद्यापीठाचा संबंध नाही, म्हणून आयोगाच्या पत्राचा संबंध नाही. मग मी दुसरा कागद काढला. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा, २०१७ ची दुरुस्ती, आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या त्याच तरतुदी: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्या, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. प्राचार्य म्हणाल्या, "ते कर्मचाऱ्यांसाठी. ही तर स्टुडंट."

वॉर्डात हातांची गरज असते तेव्हा ती कामगार असते; हक्काचा विषय निघाला की विद्यार्थिनी. विद्यापीठाचं पत्र दाखवलं की ती पदवीधर नसते. प्रत्येक कायद्याच्या दारात तिला दुसऱ्या दाराकडे पाठवलं जातं. आणि मी, जिला लग्नच करायचं आहे की नाही हे ठरलेलं नाही, जिचं काम घरी बसून लॅपटॉपवर होऊ शकतं, तिच्यासाठी २४० दिवस छापून तयार आहेत. डोक्याने काम करणारीच्या शरीराची कायद्याने दखल घेतली आहे. शरीराने काम करणारीला शरीर असतं हे मात्र अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. या उतरंडीला दुसरं एखादं नाव असेल तर सुचवा; मला एकच सुचतं, आणि ते या पोर्टलच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

कोणी म्हणेल, कोर्टात जा. लोक गेले आहेत. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्याच्या एका विद्यार्थिनीला गरोदरपणामुळे कमी पडलेल्या हजेरीत सवलत नाकारली. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एम.एड.च्या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. शिक्षणाचा हक्क आणि आई होण्याचा हक्क यांतून एक निवडायला बाईला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेतली. निकाल चांगला आहे. पण ४१ दिवसांसाठी दर वेळी एका बाळंतिणीने वकील करायचा का?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही, कारण तो धाकटीचाच आहे. ती म्हणते, "ताई, हजेरी माफ करा असं लिहू नकोस." तिच्या केसबुकात वीस नॉर्मल प्रसूती स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदवायच्या होत्या. चौदाव्या वेळी बाळ न रडता बाहेर आलं. सिस्टर दुसऱ्या टेबलावर होत्या. तिने पुसलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली, अँबू बॅग लावली, आणि ते रडलं. "तेराच केलेल्या असत्या तर माझे हात थरथरले असते." नर्सिंगमध्ये तास म्हणजे दुसऱ्याचा जीव. आपल्याच वस्तीतल्या बायका सरकारी दवाखान्यात या मुलींच्या हाताखाली येतात. अर्धवट शिकलेली नर्स परवडणार नाही ती आपल्यालाच. त्यामुळे एकही प्रसूती, एकही रात्रपाळी कमी करा असं मी म्हणत नाही.

पण वीस प्रसूती शिकण्यासाठी लागतात, ८२ दिवस कशासाठी लागतात? परिषदेचा नियम भरून काढायला सांगतो, दुप्पट करायला सांगत नाही. दंड घ्यायला सांगत नाही. भरपाई आपल्या बॅचच्या शेवटीच, सगळ्या जणी गेल्यावर, एकटीने करायची असंही त्यात कुठे नाही. हजेरीच्या नावाने जे चालतं त्यातलं बरंचसं शिक्षण नसून फुकटच्या हातांची सोय आहे. तिच्याच वर्गातला एक मुलगा त्याच वर्षी बाप झाला. त्याचा एक दिवस गेला, तोही पेढे वाटण्यात.

बाबासाहेबांनी १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेला मुद्दा साधा होता: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि जो तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे. ते विधेयक कारखान्यांतल्या कामगार बायकांसाठी होतं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मुद्दा श्रमाचा होता, नेमणूकपत्राचा नव्हता. ज्या दवाखान्याचा वॉर्ड विद्यार्थिनींच्या हातांवर चालतो त्याला तो कसा लागू होत नाही, हे मला कोणी समजावून सांगावं.

आपल्या चळवळीबद्दलही दोन शब्द. आपण पहिल्या पिढीतल्या पीएचडीचा फोटो टाकतो, परदेशी शिष्यवृत्तीचा टाकतो, स्पर्धा परीक्षेचा तर टाकतोच. जीएनएम पास झालेल्या मुलीचा किती जणांनी टाकला? माझ्या सत्कारात गावात बँड होता. धाकटीने प्रवेश घेतला तेव्हा काका म्हणाले, बरं आहे, पोटापाण्याचं होईल. सावित्रीबाईंचं वर्षभर नाव घेणारे आपण. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या हे आपल्याला पाठ आहे, पण तेही आपण त्याग म्हणून सांगतो, काम म्हणून नाही. १८६३ मध्ये त्यांनी आणि जोतीरावांनी पुण्यात जे घर उघडलं ते नडलेल्या बायकांना निर्धास्त बाळंत होता यावं म्हणून. तिथल्या बाळंतपणांचं काम हातांनीच झालं असणार.

मागायचं काय, तर फार नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी तो आणला आहे. नवा आयोग म्हणजे नवे विनियम. त्यात पदवी आणि पदविका दोन्हींसाठी बाळंतपणाची रजा नावाने लिहिलेली असावी, आणि परीक्षेला बसण्याच्या ८० टक्क्यांत ते दिवस मोजायलाच घेऊ नयेत. राहिलेलं क्लिनिकल काम पुढच्या बॅचबरोबर, दंड न घेता, दुप्पट न करता पूर्ण करू द्यावं. रात्रपाळी सहा महिन्यांनंतर लावावी. प्रशिक्षणाच्या दवाखान्यात कायद्याने असायला हवं ते पाळणाघर विद्यार्थिनींनाही उघडं असावं. आणि पाजायला मिळणाऱ्या दोन सुट्या, ज्या त्याच वॉर्डातल्या स्टाफ सिस्टरचा हक्क आहेत, त्या तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही मिळाव्यात. यातल्या शेवटच्या गोष्टीला एक रुपया लागत नाही. खरं तर ती झालीही: ऑक्टोबरमध्ये वॉर्डाच्या एका वयस्कर सिस्टरने स्वतःच्या जबाबदारीवर धाकटीला अकरा वाजता वीस मिनिटं सोडायला सुरुवात केली. सहा मिनिटं जायला, सहा यायला, आठ पाजायला. कुणाला सांगू नको म्हणाल्या. म्हणून मी ना दवाखान्याचं नाव लिहिलं, ना त्यांचं.

आणि घरच्यांनी काय करायचं, हे मला विचारलं तर एवढंच: तोंडी काही घेऊ नका. आपल्या लोकांना कॉलेजात सगळं तोंडी सांगतात. मी दुप्पट ड्युटीचा नियम लेखी मागितला तेव्हा पंधरा दिवस काही आलं नाही. मग कारकुनाने धाकटीला सांगितलं, जाऊ दे, एकास एक भर. तेही तोंडीच. ८२ चे पुन्हा ४१ झाले, ते फक्त एका कागदाच्या मागणीमुळे. शंभर रुपये रोज मात्र राहिले.

तिची बॅच ३१ डिसेंबरला संपली. मैत्रिणी परिषदेच्या नोंदणीचे फॉर्म भरत आहेत. नोंदणी क्रमांकाशिवाय स्टाफ नर्सच्या जागेला अर्ज करता येत नाही, त्यामुळे या महिन्यात निघालेली जाहिरात तिच्या हातून गेली. माय ऑगस्टपासून खोलीवर आहे. सोयाबीनची काढणी गेली, हरभऱ्याचीही जाईल. खोलीचं भाडं माझ्या फेलोशिपमधून जातं, आणि फेलोशिप तीन महिन्यांनी एकदा येते. भाचीला खाली एक दात आला आहे. ती मायला "मा" म्हणते, आणि धाकटी त्यावर हसते, पण लगेच भांडी घासायला उठते.

आज तिच्या भरपाईचा २९ वा दिवस. या आठवड्यात रात्रपाळी आहे, लेबर रूमला. बारा दिवस राहिले. क्लिनिकल चार्ज कोणत्या नियमाने घेता, असा दुसरा अर्ज मी सोमवारी टपालाने पाठवला. पोचपावती आली आहे, उत्तर नाही.